साथीच्या दिवसांत चारजण जमवताना: मिक्सरमागून पाहिलेलं

मी कार्यक्रमांना साउंड लावतो. लग्न, वाढदिवस, निरोप समारंभ, शोकसभा, माणसं जमतात तिथं माझे बॉक्स आणि माझा मिक्सर असतो. वीस वर्षं हॉलच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहून मी माणसं बघत आलोय. कोण कुठं उभं राहतं, कोण कुणाच्या कानाशी लागतं, आवाज चढवला की घोळके कसे दाटतात, हे सगळं मला तोंडपाठ आहे. कोविडच्या काळात हे बघणं वेगळ्याच कारणासाठी कामी आलं. पण त्याआधी एक चूक झाली, ती सांगून टाकतो.

2021 मधली गोष्ट. निरोप समारंभ होता, चाळीसेक माणसं, एसी चालू म्हणून सगळ्या खिडक्या बंद, तीन तासांचा कार्यक्रम. माझ्यासोबत वायरी बघणारा मुलगा सकाळीच म्हणाला होता, "दादा, घसा धरलाय जरा." मी म्हटलं, धुळीनं धरला असेल, पाणी पी. तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला, चौथ्या दिवशी मला कणकण आली, आणि नंतरच्या आठवड्यात बाबा आजारी पडले. बाबांनी त्या हॉलमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. कित्येक महिने ते घराबाहेरच पडले नव्हते. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आले, पण अजूनही जिना चढताना मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबतात. त्या मुलाचा काही दोष नव्हता, त्यानं सांगितलं होतं. ऐकून घरी पाठवायचं काम माझं होतं.

म्हणून समारंभ ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच काम सांगतो. पाहुण्यांची यादी झाली की तिच्या शेजारी दुसरी यादी करा: प्रत्येक पाहुणा घरी कुणाकडे परत जाणार आहे? कुणाची आई केमोथेरपी घेतेय, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कुणाच्या वडिलांना दमा आहे, कोण वृद्धाश्रमात नोकरीला आहे. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात एका छोट्या गावात लग्न झालं, 55 माणसं हजर होती. त्या लग्नातून पसरत गेलेल्या साखळीत 177 जणांना लागण झाली आणि 7 जण दगावले. त्या सातांपैकी एकही जण लग्नाला गेलेला नव्हता. ही नोंद वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसरी यादी केल्यावर चाळीस माणसांचा कार्यक्रम दीडशे माणसांचा होतो. तेवढ्यांचा विचार करून मगच तारीख, जागा आणि आकडा ठरवा. लाट चढती असेल तर तारीख पुढं ढकला, आणि त्या वेळी तुमच्या आरोग्य खात्यानं गर्दीवर जी मर्यादा घातली असेल तिच्या आतच राहा.

पुढं जे सांगतोय ते श्वासातून पसरणाऱ्या साथींबद्दल आहे, म्हणजे कोविड, फ्लू आणि त्या जातीचे आजार. पाण्यातून किंवा उलटी-जुलाबातून पसरणाऱ्या आजाराची काळजी वेगळी असते. नवी साथ आली की ती पसरते कशी, हे आधी समजून घ्या. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

हवेचा बंदोबस्त

बंद खोलीत एकानं सिगारेट पेटवली की थोड्या वेळात वास सगळ्या खोलीभर होतो. श्वासातून निघणारे बारीक कण असेच तरंगत राहतात, फक्त त्यांना वास नसतो. धूर आपल्यापर्यंत पोचू नये म्हणून तुम्ही जे कराल, तेच इथं करायचं. बाहेर बसाल, खिडकी उघडाल, लवकर निघाल.

10 मार्च 2020 ला अमेरिकेतच वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. 61 माणसं, अडीच तास. दाराशी सॅनिटायझर होतं, मंडळींनी गळाभेटी टाळल्या होत्या. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. त्या एकामुळं 32 जणांना लागण झाल्याचं तपासणीत दिसलं, आणखी 20 जणांना झाली असावी असं धरलं गेलं, दोघं दगावली. सगळी काळजी हातांची घेतली गेली आणि गाणं मात्र एकाच हवेत चाललं होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या वेळी आम्हा सगळ्यांना तेवढंच सांगितलं जात होतं.

म्हणून पहिली पसंती मोकळ्या जागेला. पण मोकळी जागा म्हणजे खरोखर मोकळी. चारही बाजूंनी कनात लावलेला मांडव म्हणजे कापडाची खोलीच. निदान समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या ठेवा. आणि आकाशाखाली आहोत म्हणून खांद्याला खांदा लावून उभं राहू नका. 28 सप्टेंबर 1918 ला, फ्लूची साथ असताना, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात युद्धासाठी कर्ज उभारायला मिरवणूक निघाली, रस्त्यावर सुमारे दोन लाख लोक होते. काही दिवसांतच शहरातली रुग्णालयं भरून गेली.

हॉलच घ्यावा लागला तर मी आदल्या दिवशी जाऊन बघतो. खिडक्या नुसत्या आहेत का उघडतात, हे हातानं ओढून बघा. रंग लावून चिकटलेल्या खिडक्या मी कितीतरी ठिकाणी पाहिल्यात. मग पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून खिडकीच्या चौकटीला चिकटवा. पट्टी आत झुकली तर हवा आत येतेय, बाहेर झुकली तर जातेय, सरळ लोंबत राहिली तर खिडकी उघडून उपयोग झालेला नाही. हवेला यायची एक वाट आणि जायची दुसरी वाट लागते. एका बाजूच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवला की समोरच्या बाजूची पट्टी लगेच आत वळते. हे मी स्वतः करून बघितलंय, दोन मिनिटांचं काम आहे. फॅन माणसांच्या तोंडावरून वारा नेणारा नको. एकाचा श्वास दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही असा तो लावा.

बहुतेक एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतात. 24 जानेवारी 2020 ला चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका रेस्टॉरंटमध्ये तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. टेबलांमध्ये साधारण एक मीटर अंतर, खिडकी नाही, एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरणारा. त्या तीन कुटुंबांतले मिळून 10 जण आजारी निघाले. त्याच मजल्यावरच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना आणि वाढप्यांना काही झालं नाही. तेव्हा एसी लावायचाच तर खिडक्याही फटभर उघड्या ठेवा आणि झोताच्या रेषेत कुणाला बसवू नका. वीज जास्त जळेल, जळू द्या.

माझ्या पेटीत आता कार्बन डायऑक्साइड मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र असतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते 420 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भागांच्या, आसपास दाखवतं. आपण सोडतो त्या श्वासात हा वायू साधारण 40,000 पीपीएम असतो. म्हणजे हॉलमध्ये आकडा 1,220 झाला, तर बाहेरच्यापेक्षा 800 जास्त. याचा अर्थ असा की तुमच्या पन्नास श्वासांमागे एक श्वास भरेल एवढी हवा दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून बाहेर आलेली आहे. हा हिशेब समजल्यावर मी यंत्रावर दिसणारा आकडाच 800 च्या खाली ठेवायचा हट्ट धरतो. वर गेला की आणखी खिडक्या उघडायला सांगतो, नाही जमलं तर मध्यंतर जाहीर करून माणसं बाहेर काढतो. दहा मिनिटांत आकडा उतरताना दिसतो.

हवा गाळणारी यंत्रं लावली तर हा आकडा उतरत नाही, कारण ती कण धरतात, वायू धरत नाहीत. तरी ती उपयोगाची आहेत, हेपा फिल्टरची, म्हणजे अगदी बारीक कणही धरणाऱ्या गाळणीची, तर नक्कीच. किती लागतील याचा सोपा हिशेब आहे. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं 2023 मध्ये तासाला निदान 5 वेळा खोलीतली हवा स्वच्छ व्हावी असं सुचवलं. 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद, 3 मीटर उंच हॉल म्हणजे 240 घनमीटर. त्याची पाचपट म्हणजे 1,200. एक यंत्र तासाला 400 घनमीटर हवा गाळत असेल, तर तीन हवीत. विकत घेणं झेपत नसेल तर रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल या दोघांच्या नावानं ओळखली जाणारी पेटी घरी करता येते. एमईआरव्ही-13 (फिल्टर किती बारीक गाळतो याची प्रत) असे चार चौकोनी फिल्टर उभे करून त्यांची पेटी करायची, तळाला पुठ्ठा, वर चौकोनी फॅन बाहेर फुंकणारा, आणि सगळ्या फटी चिकटपट्टीनं बंद. फटी बंद करण्यात कुचराई केली तर हवा फटीतून पळते, फिल्टरमधून जात नाही.

आवाज कमी करा

हे माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून थोडं जास्त बोलतो. आवाज मोठा झाला की माणूस आपसूक मोठ्यानं बोलतो, आपण चढवलाय हे त्याला कळतही नाही. मोठ्यानं बोलताना तोंडातून निघणारे कण वाढतात, गाताना आणि ओरडताना तर आणखी. शिवाय ऐकू येत नाही म्हणून माणसं एकमेकांच्या तोंडाजवळ जातात. म्हणजे ज्या क्षणी कण सगळ्यांत जास्त, त्याच क्षणी अंतर सगळ्यांत कमी. स्टेजवर गाणी वाढली की समोरच्या टेबलांवर डोकी जवळ येताना मी रोज बघतो. अंतर ठेवा म्हणून माइकवरून दहा वेळा ओरडण्यापेक्षा आवाज थोडा उतरवला तर डोकी आपोआप लांब होतात.

तुमच्याकडे साउंडवाला येणार असेल तर त्याला सांगा, पुढं दोन मोठे बॉक्स नकोत, लहान चार किंवा सहा बॉक्स हॉलभर वाटून लावा. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. पुढच्या दोन बॉक्सवरून मागच्या रांगेपर्यंत पोचवायचं तर पुढच्यांचे कान फुटतात. बॉक्स माणसांजवळ आले की सगळ्यांना सारखं ऐकू येतं आणि एकूण आवाज खाली राहतो. मग कसोटी घ्या: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर आवाज कानांसाठीही जास्त आहे आणि साथीसाठीही.

माइक हातोहात फिरवू नका. भाषण करणाऱ्या प्रत्येकाला वेगळा माइक जमत नसेल तर स्टँडवर लावा, उंची कुणीतरी एकानंच बदलावी. फोमची टोपी प्रत्येकाला नवी द्या. जाळीवर सॅनिटायझर थेट फवारू नका, आतलं कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, खराब होतं. जाळी काढून धुवा, पुसून कोरडी करून लावा. मात्र माइक पुसला म्हणजे झालं असं मुळीच नाही. बोलणाऱ्याच्या समोरची हवा पुसता येत नाही. पहिली रांग स्टेजपासून चांगली लांब ठेवा आणि भाषणं छोटी ठेवा.

वक्ते मला म्हणतात, मास्क लावून आवाज दबतो. दबतो थोडासा, वरच्या पट्टीतला. मी मिक्सरवर ट्रेबल किंचित वाढवतो, शब्द परत स्वच्छ होतात. तुमच्या साउंडवाल्यालाही हे जमेल. त्यासाठी मास्क काढायची गरज नाही.

मास्क आणि जेवण

एन95 मास्क 0.3 मायक्रॉनचे निदान 95 टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला बसला तरच. लावून जोरात फुंका. नाकाच्या बाजूनं डोळ्यांवर वारा आला तर वरची पट्टी नाकावर दाबून बसवा. दाढीवर तो नीट बसत नाही. कापडाचा मास्क काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढंच म्हणेन. यजमानानं दाराशी चांगल्या मास्कची पेटी ठेवावी आणि स्वतः लावून उभं राहावं. यजमानाच्या तोंडावर मास्क दिसला की पाहुण्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

खरा धोका जेवणाच्या वेळी असतो. सगळे मास्क एकदम उतरतात, सगळे एकदम बोलतात. मला विचाराल तर समारंभ आत घ्या आणि जेवण बाहेर ठेवा. तेही जमत नसेल तर पंगती करा, एका घरची माणसं एका टेबलावर बसवा, सगळ्या खिडक्या सताड उघडा आणि त्या अर्ध्या तासात गाणी बंद ठेवा. किंवा जेवण डब्यात बांधून हातात द्या. कुणी नाराज झालं तर होऊ दे.

हात धुणं सोडू नका. साबणानं 20 सेकंद, नाहीतर निदान 60 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर. फक्त त्यावर समाधान मानू नका.

नाही म्हणायची सोय

दुखणं अंगावर काढून माणसं समारंभाला येतात, कारण न येणं वाईट दिसतं. ही भीती यजमानानंच घालवायची असते. निमंत्रण पाठवताना मी लोकांना असा मजकूर सुचवतो: "घसा, सर्दी, ताप, अंगदुखी यातलं थोडं जरी असलं तर घरीच आराम करा. आम्हाला अजिबात वाईट वाटणार नाही. व्हिडिओ कॉलची सोय आहे, आणि बरे झालात की आम्हीच भेटायला येऊ." शेवटचं वाक्य ठेवाच, आणि पाळाही. कामाला येणाऱ्या माणसांना वेगळं सांगा: आजारी असाल तर येऊ नका, दिवसाचे पैसे मिळतील. पगार बुडेल म्हणून घसा दाबून उभी राहणारी पोरं मी बघितलीत, आणि एकदा त्याची किंमत माझ्या घरानं मोजलीय.

घरगुती अँटिजेन चाचणी करायची असेल तर आदल्या दिवशी करू नका, त्याच दिवशी निघण्याआधी करा. ती फक्त त्या वेळेपुरतं सांगते. आणि निगेटिव्ह आली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. लागण झाल्याच्या सुरुवातीला ती चुकू शकते, म्हणून लक्षणं असतील आणि चाचणी निगेटिव्ह असेल तरी घरीच थांबा आणि 48 तासांनी परत करा. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस इतरांना लागण देऊ शकतो. दारावर ताप मोजणारी बंदूक त्याला पकडू शकत नाही. त्यापेक्षा दारावरच्या माणसाला खिडक्यांवर नजर ठेवायला लावा.

लस घेतलेली असावीच, आणि समारंभाच्या निदान दोन आठवडे आधी, म्हणजे शरीराला तयारीला वेळ मिळतो. लसीनं आजार गंभीर होण्याचा धोका खूप कमी होतो. पण सगळे लस घेतलेले आहेत म्हणून खिडक्या बंद करू नका. नोव्हेंबर 2021 मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात एका मेजवानीला शंभराहून थोडे अधिक लोक होते, जवळजवळ सगळ्यांनी लस घेतलेली, तरी ओमिक्रॉन या कोविडच्या तेव्हाच्या नव्या प्रकारानं त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना गाठलं.

कार्यक्रम संपल्यावर

वेळ छापील असू द्या, सुरुवातीची आणि संपण्याचीही. तासाभराचा कार्यक्रम तीन तासांच्या कार्यक्रमापेक्षा सुरक्षित असतो, याला दुसरं कारण लागत नाही. निरोपाच्या वेळी दारात गर्दी होते, आणि फोटोसाठी सगळे मास्क काढून एकत्र दाटतात. फोटो बाहेर उघड्यावर काढा.

हजर होते त्या सगळ्यांचे फोन नंबर एका वहीत लिहून ठेवा, जेवण वाढणारे, फोटो काढणारे आणि साउंडवाला धरून. कोविडची लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागू शकतात, फ्लूची 1 ते 4 दिवसांत दिसतात. पाहुण्यांना सांगा, पुढचे पाच-सहा दिवस घरातल्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांजवळ मास्क लावून राहा, जमलं तर वेगळ्या खोलीत झोपा. मी कार्यक्रमावरून आलो की आता हेच करतो, बाबांना दारातूनच हात हलवतो.

कुणी आजारी पडल्याचं कळलं तर त्याच तासाला सगळ्यांना फोन करा. नाव न घेता एवढंच सांगा: "आपल्या कार्यक्रमातल्या एकाला लागण झालीय, अमुक दिवसापर्यंत तब्येतीवर लक्ष ठेवा, लक्षणं दिसली तर चाचणी करा." मी पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा चाळीस जणांना फोन करायला दीड तास लागला, आवाज थरथरत होता, आणि एकही जण रागावला नाही. दोघांनी त्या संध्याकाळी आईवडिलांकडे जायचं रद्द केलं.

वही मी पंधराव्या दिवसापर्यंत ठेवतो. त्या दिवशी कुणाचा फोन आलेला नसला की नंबरांचं पान फाडतो आणि पुढच्या हॉलच्या खिडक्या बघायला निघतो.